सहावी सूना

नागपूर-इटारसी लोहमार्गावरील तिगाव हे संत्र्यांच्या मुलखातले गाव. राज्य मध्यप्रदेशचे, 2023 पासून जिल्हा पांढुर्ण्याचा, आणि घराघरांतली बोली मात्र मराठी. न्यायालयाच्या कामानिमित्त त्या बाजूस जाणे झाले असता 10 फेब्रुवारीचा दिवस आम्ही एका स्नेह्यांकडे तेथे काढला. 2015 पासून हा दिवस कृमिमुक्ती दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळावयास देतात. सायंकाळी शाळेवरून परतत असता कुंपणाशी धुळीत पडलेली एक पांढरी गोळी आम्हांस दिसली. कोणा पोराने जिभेखाली दडवून ती बाहेर टाकली असावी. आमचे स्नेही हसले. आम्हांसही हसू आले; परंतु त्या गोळीने नंतर आमचा पिच्छा सोडला नाही.

ती गोळी आकाशातून पडलेली नव्हती. कृमींवरील औषध सापडते ते पुष्कळशा निरुपयोगी द्रव्यांना चाळणी लावून. प्रयोगशाळेत उंदरांना बुद्ध्या कृमींची बाधा करतात, मग एकेक द्रव्य त्यांच्या पोटात घालून कृमी मरतात की उंदीर, हे पाहतात. न्यायालयात आरोपी निर्दोष मानला जातो, दोष सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर असतो. येथे प्रत्येक द्रव्य निरुपयोगीच मानले जाते, आणि त्याची उपयुक्तता सिद्ध करण्याचा सारा भार एका मुक्या प्राण्याच्या देहावर पडतो. भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामॅझिन हे औषध 1947 मध्ये पुढे आले, ते कापूस-उंदीर नावाच्या प्राण्यांतील कृमींवर अनेक द्रव्ये पारखून. जपानात सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. विल्यम कँपबेल यांनी अमेरिकेत त्याचा अर्क कृमिग्रस्त उंदराच्या अन्नात मिसळला, आणि उंदराच्या पोटातील कृमी नाहीसे झाले. त्यातून आयव्हरमेक्टिन जन्मास आले व 2015 मध्ये उभयतांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. लखनौच्या छत्तर मंझिलमध्ये 1951 साली स्थापन झालेल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही हत्तीरोगाच्या कृमींवरील द्रव्यांची अशीच पारख वर्षानुवर्षे झाली. यशस्वी द्रव्याचे नाव जगास कळते. ज्या उंदरांवर शेकडो द्रव्ये फसली, त्यांची गणना कोण करतो?

तेव्हा प्रश्न असा की, हा अधिकार आपणांस कोणी दिला? कृमीचा प्रश्न सोपा आहे. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यास चिकटून रक्त पितो. तो आक्रमक आहे, आणि आत्मसंरक्षणाचा अधिकार प्रत्येक विधिशास्त्राने मान्य केला आहे. उंदराचे तसे नाही. त्याने आपणांवर हल्ला केलेला नाही. कृमी त्याच्या पोटात आपणच सोडलेले असतात. निरपराध्याचा बळी देऊन आपला जीव वाचवावा काय, हा प्रश्न विधीच्या विद्यार्थ्यास चांगला परिचित आहे. 1884 मध्ये इंग्लंडात डडली आणि स्टीव्हन्स या खलाशांचा खटला चालला. भर समुद्रात उपासमार होत असता त्यांनी नावेतील आजारी पोरास मारून त्याच्या मांसावर जीव जगविला होता. गरज म्हणून निरपराध्याचा वध क्षम्य ठरत नाही, असा न्यायालयाने निर्णय दिला. मरावयाचे कोणी हे ठरविले बलवंतांनी, आणि निवडला गेला तो सर्वांत दुर्बल. तो खटला मनुष्यांचा होता, हे खरे. पण ज्या गणेशाच्या पायाशी उंदरास मोदकाचा वाटेकरी म्हणून आपण बसविले, त्याच्या भक्तांना ‘तो तर केवळ उंदीर’ असे म्हणून सुटता येईल असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत सावध आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांतून ज्याची वाट मोकळी झाली, त्या 1960 च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक अधिनियमाने ज्ञानवृद्धीसाठी, जीव वाचविण्यासाठी, यातना हलक्या करण्यासाठी किंवा रोगाशी झुंजण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदेशीर मानलेले नाहीत. तथापि शक्य तेथे प्रयोग टाळावेत, वेदना होऊ नयेत म्हणून भूल द्यावी, लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे घेऊ नयेत, असा दंडकही त्याने घातला. म्हणजे ही सूट हेतूवर उभी आहे. हेतू ढासळला की सूट पोकळ झाली.

गांधीजींनी 1909 साली ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचा धिक्कार केला. पुढे 1944 च्या मे महिन्यात आगाखान राजवाड्यातील बंदिवासातून ते सुटले, तेव्हा तपासणीत त्यांच्याच पोटात अंकुशकृमी निघाले. हे आम्ही टोमणा म्हणून लिहीत नाही. कृमी साधू आणि संसारी असा भेद करीत नाही, एवढेच त्यातून दिसते. गांधीजींच्या आक्षेपाचे उत्तर कोणी दिले आहे असेही आम्हांस वाटत नाही. आपण केवळ त्या आक्षेपाला वळसा घालून पुढे आलो, आणि गोळी खाऊ लागलो.

वळसा न घालता त्यास सामोरे जाण्याची एक वाट आपल्याच घरात आहे. स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात पाच सूना, म्हणजे पाच वधस्थाने, सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाचही ठिकाणी जीव मरतात, आणि त्यांवाचून संसार होत नाही. त्यांनी चूल विझवावयास सांगितले नाही, आणि तेथे जीव मरतच नाहीत अशी समजूतही काढली नाही. दोष मान्य करून त्यांनी रोजचे पाच यज्ञ सांगितले. वैश्वदेव, गोग्रास, कावळ्याचा घास आणि दारी आलेल्या अतिथीस अन्न ही त्याच ऋणाची फेड होय. आमच्या मते प्रयोगशाळा ही आपल्या संसाराची सहावी सूना आहे.

यावर कोणी म्हणेल, ही तर सोयीची पळवाट; पाप करावे आणि घास टाकून मोकळे व्हावे. हा आक्षेप आम्हांस गंभीर वाटतो. परंतु शुल्क आणि ऋण यांत भेद आहे. शुल्क भरले की हक्क मिळतो आणि संबंध संपतो. पंचयज्ञ मात्र रोज करावयाचे आहेत, म्हणजे हे ऋण कधीच फिटत नाही असे मानूनच ते सांगितले गेले. ज्यास आपण ऋणी आहोत याची रोज आठवण राहते, तो उद्या कमी जीव मारण्याची युक्ती शोधतो. आज बहुतेक द्रव्यांची पहिली चाळणी काचेच्या बशीत, सुट्या अळ्यांवर लागते, आणि त्यातून तरलेलीच द्रव्ये उंदरापर्यंत पोचतात, ही अशीच एक युक्ती होय. अल्बेंडाझोल तर आधी मेंढ्यागुरांचे औषध म्हणून वापरात आले व मागाहून माणसांना मिळाले. तेव्हा या व्यवहारात प्राण्यांच्या वाट्यास काहीच आले नाही, असेही नाही.

मग या सहाव्या सूनेचा यज्ञ कोणता? ज्या दुःखिताचे नाव घेऊन जीव घेतला, त्याच्या मुखापर्यंत औषध पोचविणे. 1987 मध्ये मर्क कंपनीने नदीकाठच्या अंधत्वाने पीडित देशांस आयव्हरमेक्टिन विनामूल्य देण्याचे वचन दिले. विकत घेण्याची ज्यांना ऐपत नाही त्यांच्यापर्यंत ते पोचावे, एवढ्यापुरता तो यज्ञच होता. पण उरलेला यज्ञ वैज्ञानिकाचा किंवा व्यापाऱ्याचा नाही, तो आपला आहे. गोळी पोटातला कृमी मारते, मातीतला नाही. अनवाणी मूल उघड्यावर शौच झालेल्या मातीत पुन्हा चालले की बाधा पुन्हा होते, आणि नव्या गोळीची, पुढे कदाचित नव्या औषधाची व नव्या उंदरांची गरज उभी राहते. मुलाच्या पायांत वहाणा घालणे, शौचकूप वापरणे, जेवणापूर्वी हात धुणे, देवळाच्या अन्नछत्रात पानावर बसण्याआधी प्रत्येकास पाणी आणि साबण मिळेल असे पाहणे, या बाबींना आजवर आपण आरोग्याचे नियम म्हणत आलो. आमच्या दृष्टीने त्या भूतयज्ञातही मोडतात, कारण त्यांनी मारावयाचे जीव कमी होतात.

तिगावच्या त्या कुंपणाशी आम्ही वाकून गोळी उचलली. ती कोणास देण्याजोगी राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे स्नेही शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, ‘गुरुजी, गोळी तुमच्यासमोर चावून गिळेपर्यंत पोरांना जागचे हलू देऊ नका.’ गुरुजींनी कारण विचारले. स्नेह्यांनी कारण सांगितले ते पोरांच्या पंडुरोगाचे. दुसरे कारण आम्ही सांगावयास हवे होते. ते आम्ही येथे सांगत आहोत.