गोळीच्या वेळेतला छंद

"एखादा छंद लावून घ्या, म्हणजे आजाराचा विसर पडेल." दीर्घकाळच्या आजाराचं निदान झालेल्या माणसाला पुण्यात हा सल्ला भेटायला येणारा प्रत्येक जण देऊन जातो. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण ज्याला तो ऐकावा लागतो त्याच्या घरात बहुधा पेटी असते, रंगांचा डबा असतो, सिंहगडावर झिजलेले बूट असतात. छंद त्याला होताच. आजारानं पहिला घाव घातला तो नेमका त्या छंदावर.

पार्किन्सन्सचंच घ्यावं. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्यानं १८१७ मध्ये त्यावर निबंध लिहिला. आपल्याकडे कंपवात हे नाव रुळलेलं आहे, आणि त्यामुळे हात थरथरतो म्हणून पेटी सुटली असा सर्वांचा समज होतो. प्रत्यक्षात ही थरथर बहुधा हात स्वस्थ मांडीवर असताना दिसते आणि तो कामाला लागला की कमी होते. छंदाला नडतो तो मंदावलेपणा आणि स्नायूंचा ताठरपणा. पेटीवर द्रुत लयीत बोटं मागे पडतात. अक्षर ओळीच्या शेवटाकडे जाता जाता बारीक होत जातं. गाणाऱ्याचा आवाज खाली येतो, आणि त्याला स्वतःला मात्र तो पूर्वीइतकाच मोठा वाटतो. साथीदारांनी सांगेपर्यंत काही बिघडलंय हेच कळत नाही.

मग येतं घड्याळ. मेंदूत डोपामिन कमी पडतं, ते भरून काढायला लेव्होडोपाची गोळी. तिचा असर काही तास टिकतो आणि आजार जुना होत जातो तसे हे तास आखूड होतात. जेवणातली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात, म्हणून जेवणाच्या आधी बेतानं घ्यायची. रुग्ण आणि घरचे सरळ 'ऑन' आणि 'ऑफ' असंच बोलतात: आत्ता ऑन आहे, आता ऑफ होईल. अशा दिवसात छंदाची मूळ चैनच संपते. मनात आलं की पेटी पुढे ओढायची, रात्री दीड वाजेपर्यंत एकाच रागात रेंगाळायचं, हे जमत नाही. भजनी मंडळाची वेळ पाचची आणि गोळीचा असर चारला ओसरणारा, तर मंडळ सुटतं.

उपचार आणि छंद यांतला भेद इथे धरून ठेवायला हवा. उपचाराला फळ लागतं, छंदाला लागत नाही. आवाज सुटावा म्हणून मोठ्यानं गायचं, बोटं मोकळी राहावीत म्हणून रंगवायचं, हे उपयोगाचं असलं तरी त्यातून आनंद हळूच निसटतो. "आज चित्र काढलंत का?" हा प्रश्न "गोळी घेतलीत का?" याच सुरात विचारला जाऊ लागला की चित्रकलाही औषधांच्या यादीत जाऊन बसते.

जिद्दीचा पुरस्कार करणाऱ्यांना हा भेद पटत नाही. ते गायक कुमार गंधर्वांचं उदाहरण देतात. १९४७ मध्ये त्यांना क्षय झाला, ते देवासला राहायला गेले, काही वर्षं गाणं बंद राहिलं. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं. त्या अंथरुणावर माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानात मुरली आणि उठले ते नवं गाणं घेऊन. हे सारं खरं आणि थोर आहे. पण क्षयावर तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं आणि ते बरे झाले. पार्किन्सन्स, संधिवात, दमा यांना तशी पैलतीराची तारीख नसते. शिवाय कुमारांची प्रतिभा साऱ्या शहराला मापदंड म्हणून लावणं हा आजारी माणसावर अन्याय आहे. जिद्द कमी पडली म्हणून पेटी सुटली, असा आरोप त्यात दडलेला असतो. आणि तो सहसा ठणठणीत माणसंच करतात.

इतकं म्हटल्यावरही पुण्यातलाच एक अनुभव या भेदाला सुरुंग लावतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्याचा वर्ग सुरू केला. हा नृत्याचा वर्ग आहे, इथे रुग्ण नसतात, नर्तक असतात, असा त्यांचा आग्रह. कथक आणि समकालीन नृत्य शिकलेले हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास पुण्यात असाच विनामूल्य वर्ग सुरू केला. पार्किन्सन्स मित्रमंडळ या रुग्णांच्या स्वमदत गटातली मंडळी तिथे येऊ लागली. आयुष्यात कधी पाय न थिरकवलेले आजी-आजोबा!

इथे शरीराचं एक अजब कोडं मदतीला येतं. सपाट फरशीवर पाय खिळून उभा राहणारा माणूस ठेका ऐकू आला किंवा जमिनीवर पट्टे आखलेले असले की चालू लागतो. घराच्या उंबऱ्यापाशी अडखळणारा जिना मात्र नीट चढतो. पर्वतीच्या पायथ्याशी थबकलेला कुणी पायऱ्या सुरू झाल्यावर चालता झाला, तर ते नाटक समजू नये. आपोआप होणारी हालचाल रुसली तरी बाहेरच्या खुणेनं होणारी बरीच शाबूत राहते.

पण नाचाचं यश तेवढ्यानं उलगडत नाही. उपचार म्हणून आलेल्यांना नाच आवडून जाऊ शकतो, कारण नाचणारे म्हणून त्यांना भूतकाळच नसतो. पेटीवाल्याला असतो. पुण्यात हौसही परीक्षेच्या पायऱ्यांनी चढते: प्रारंभिक, प्रवेशिका, मग विशारद. ज्यानं तीस वर्षं सफाईदार ताना वाजवल्या, त्याला आजची अडखळती तान म्हणजे रोजची नापासी. शेजारी कौतुक करतात, पण आतला परीक्षक उठून जात नाही. म्हणजे सुरुवातीला टोचलेला तो सल्ला अर्धा बरोबर ठरतो. नवा छंद आजार विसरायला लावत नाही, पण आपल्या जुन्या कसबाशी रोजची तुलना तरी टाळतो. सल्ला देणाऱ्यांनी फक्त एक घाई करू नये: पेटी बंद झाल्याचं दुःख आधी होऊ द्यावं.

आणि मग काम उरतं ते शहराचं. गाण्या-वाजवण्याच्या शिकवण्या पेठोपेठी आहेत. त्यांतल्या किती ठिकाणी सत्तरीतल्या, हात मंदावलेल्या नव्या विद्यार्थ्याला सकाळी अकराला, गोळी चढलेली असताना, परीक्षेचा फॉर्म पुढे न करता तबल्यावर बसवलं जाईल? दुसऱ्या मजल्यावरच्या किती वर्गांना लिफ्ट आहे? बसायला खुर्ची मागितली तर मिळेल का?