कोंबडीच्या पोटातला कॅन

बिअर-कॅन चिकनची सगळी ख्याती एका समजुतीवर उभी आहे. अर्धा रिकामा केलेला कॅन अख्ख्या कोंबडीच्या पोटात बसवून ती झाकणाच्या शेगडीत उभी भाजली, की बिअरची वाफ मांस आतून ओले ठेवते, असे मानतात. स्टीव्हन रायक्लन या अमेरिकी लेखकाने २००२ साली या प्रकाराच्या नावाने पुस्तकच काढले. तेलंगणातल्या मुधोळात कोणी हा बेत आखला, तर पैसे कशावर खर्चायचे हे ती समजूत कितपत खरी यावर ठरेल.

बिअर उकळायला शंभर अंशांच्या आसपास तापावी लागते. छातीचे मांस मात्र ७४ अंशांना खाण्याजोगे होते. कॅनचा बराचसा भाग गार मांसाने वेढलेला, आणि बाहेरची उष्णता त्या मांसातून झिरपतच आत येणार. कॅनमध्ये जोमदार वाफ धरेपर्यंत कोंबडी उतरवायची वेळ टळून जाते. उलट गार पेयाने भरलेला कॅन पोटाची पोकळी अडवतो, त्यामुळे गरम हवा आत खेळत नाही. कच्च्या मांसात निम्म्याहून जास्त पाणी असतेच. राखायचे ते हेच.

वाफेवरची कोंबडी कशी होते हे रायगडच्या पोपटीत दिसते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि मसाला लावलेले चिकन भरायचे, तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाणी घालत नाहीत. पाल्याशेंगांचा ओलावा मडक्यातच कोंडतो, चिकन मऊसूत होते. पण कुरकुरीत कातडी तिथे मागू नये. तिला कोरडी, मोकळी आच लागते.

तेव्हा या प्रकाराचे खरे बळ कोंबडी उभी करण्यात आहे. चरबी खाली निथळते, कातडी चहूबाजूंनी भाजते. त्यासाठी कॅन नको. त्याचा बाहेरचा रंग आणि आतला लेप भाजण्यासाठी बनवलेला नसतो, शिवाय बूड अरुंद, म्हणून तो कलंडतो. कॅन मिळाला नाही म्हणून काचेची बाटली तर कधीच वापरू नये. रुंद बुडाचा, स्टीलच्या तारेचा स्टँड घ्यावा. पोकळी मोकळी राहते. शेगडी किंवा ओव्हन घेण्याआधी आतली उंची टेपने मोजावी, कारण उभी कोंबडी झाकणाला टेकली तर सगळा खर्च वाया. उरलेल्या पैशांत मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्यावा. माझ्या मते या सामानात सर्वांत मोलाची वस्तू तीच. टोक मांडीच्या जाड भागात जावे, हाडाला लागू नये.

तेलंगणात चिकनचे दर ‘विथ स्किन’ आणि ‘स्किनलेस’ असे वेगवेगळे सांगतात. या बेताला कातडीसकटच हवे, सव्वा ते दीड किलोचे ब्रॉयलर. गावरान कोंबडी रश्श्यातच शोभते. तिचे चिवट मांस कोरड्या आचेवर सैल पडत नाही. निखारे दोन्ही कडांना सारावे, मध्ये चरबीसाठी ताट ठेवावे, आणि झाकण सारखे उघडू नये.

बिअरकडून जे काम अपेक्षित होते ते मीठ करते. आदल्या रात्री कोंबडीला मीठ चोळून ती फ्रिजमध्ये उघडीच ठेवावी. मीठ मांसात मुरते, भाजताना पाणी धरून ठेवते, आणि वरची कातडी तोवर कोरडी झालेली असते.