जाति आणि लक्षण

मुगाच्या डब्याचें झांकण काढतांच जे तपकिरी भुंगेरे धांवूं लागतात, त्यांस गृहिणी एकच नांव देते, आणि तिचें त्यांत कांहीं चुकत नाहीं. धान्य उन्हांत घालावयाचें तें कोणताहि भुंगा असला तरी सारखेंच. कीटकशास्त्रज्ञ मात्र आपल्या कडधान्यांतल्या या भुंगेऱ्यांत निदान तीन जाति पाहतो. एकीस लिनीयसनें 1758 सालीं 'चायनेन्सिस' म्हटलें. 'मॅक्युलेटस' व 'अॅनालिस' हीं नांवें फॅब्रिशियसनें 1775 व 1781 सालीं दिलीं. तिहींची लांबी तीनचार मिलिमीटरच. मग हा भेद वस्तूंत आहे, कीं पाहणाऱ्याच्या भिंगांत?

लक्षणाचे जे दोष आमचे नैयायिक सांगतात, ते येथें उपयोगी पडतात. पंखांवरील डाग लक्षण मानावे, तर डाग तिघांसही असतात, ही अतिव्याप्ति. शिवाय मॅक्युलेटसचीच जीं पिलें दाटीत वाढतात, त्यांतलीं कांहीं निराळ्या रंगाचीं व उडण्यांत चपळ निघतात. एका आईचीं लेंकरें असून नवखा मनुष्य त्यांच्या दोन जाति करील. कंगव्यासारखी शृंगिका हें चायनेन्सिसचें लक्षण करावें, तर ती नरांसच असते. माद्या बाहेर राहिल्या, म्हणजे अव्याप्ति झाली. म्हणून जाणता अभ्यासक वक्षाच्या मागच्या कडेवरील दोन पांढरे उंचवटे शोधतो. ते नरमादी दोघांसही असतात. अॅनालिस ओळखण्यासाठीं तर किडा उलटा करून मागच्या मांडीचा आंतला दांता पाहावा लागतो. इतर दोघांत तो स्पष्ट, यांत अगदीं बारीक किंवा नाहींच. एवढी सवड ज्यास नाहीं त्यानें जातीचें नांव घेऊं नये, असें आम्हांस वाटतें.

पण दांता म्हणजे जाति नव्हे. चायनेन्सिस व मॅक्युलेटस एका बरणींत कोंडले तरी त्यांचा मिश्र वंश चालत नाहीं. वेगळेपण आधीचें, दांता ही त्याची केवळ खूण. आम्ही मराठी लोक 'जाति' हाच शब्द माणसांसही लावतों, आणि शब्द एक म्हणून वस्तुही एकच समजतों! माणसांत मिश्र संतति होणार नाहीं अशी भीति कोणास नसते; ती होईल हीच भीति असते, म्हणून तर विवाहाचे निर्बंध. भुंगेऱ्यांस जातपंचायत लागत नाहीं.

1871 सालच्या कायद्यानें या देशांतील कित्येक जमातींवर जन्मावरूनच गुन्हेगारीचें लक्षण लादलें, आणि त्यांची त्यांतून सुटका 1952 सालीं झाली. एकेक मनुष्य निरखून पाहावा, अशी अट त्या कायद्यांत नव्हती.