उजेडाचं वय

चि. निखिल,


बंदुकीवरचा वापरलेला एकॉग स्कोप घ्यायच्या आधी विचारलंस, हे फार बरं केलंस. त्यातला रात्री चमकणारा नेमाचा त्रिकोण किती वर्षं टिकेल, याचं उत्तर विकणाऱ्याच्या बोलण्यात नाही. ते स्कोप बनल्याच्या सालात आहे.

रात्रीच्या त्या उजेडाला बॅटरी लागत नाही. आत काचेची बारीकशी नळी असते, तिला आतून फॉस्फरचा लेप आणि पोकळीत ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार. त्याच्या अणूचं विघटन होताना सुटलेला इलेक्ट्रॉन लेपावर आदळतो आणि लेप उजळतो. मागे हीलियम उरतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं. म्हणजे 2010 साली भरलेल्या नळीचा उजेड 2022 च्या सुमारास निम्मा झाला आणि 2034-35 पर्यंत पाव उरेल. लेपही हळूहळू थकतो, त्यामुळे प्रत्यक्षात या हिशोबापेक्षा थोडं कमीच धर.

हे विघटन कुणासाठी थांबत नाही. स्कोप बंदुकीवर असो की कपाटात, थंडीत असो की टेक्सासच्या उन्हात. म्हणून ‘डब्यातून काढलाच नाही’ असं कुणी सांगितलं तर त्यासाठी एक डॉलरही जास्त देऊ नकोस.

आता डोळ्याचं. उजेड निम्मा झाला की आपल्याला तो निम्मा वाटत नाही, बराच जास्त वाटतो. म्हणून दहा-बारा वर्षांचा ट्रिटियमचा दिवाही अंधारात चांगला दिसतो. मात्र उजेडातून आत येऊन लगेच पाहिलंस तर फसशील. अंधाऱ्या खोलीत अर्धा तास बस, मोबाइल बाहेर ठेव, मग डोळा लाव. दिवसाचा लाल त्रिकोण पाहून रात्रीचा अंदाज बांधू नकोस. दिवसा वरची फायबरची पट्टी बाहेरचा प्रकाश आत आणते, तिचा ट्रिटियमशी संबंध नाही. आणि म्हणूनच दिवा विझत आला तरी स्कोप टाकाऊ होत नाही. भिंगं तीच राहतात.

नळी अख्खी असेल तर भिऊ नकोस. ट्रिटियमचे इलेक्ट्रॉन इतके दुबळे की काच आणि कातडीही ओलांडत नाहीत. पण फुटल्यावर तो वायू श्वासातून आत जाऊ शकतो, तेव्हा स्कोप स्वतः उघडायचा नाही आणि कचऱ्यात टाकायचा नाही. बनवणाऱ्या कंपनीकडेच पाठवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रेडियमच्या खुणा असलेलं जुनं सामान मात्र घरात आणूच नकोस. त्यांचा लेप केव्हाच मेलेला असतो, पण रेडियमचं अर्धायुष्य 1,600 वर्षांचं. चमक गेली म्हणून विष गेलं असं होत नाही. आणि इकडे येताना असलं काही सामानात टाकू नकोस; तिथले निर्यातीचे आणि इथले किरणोत्सारी पदार्थांचे नियम दोन्ही कडक आहेत.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते हे. तो दिवा फक्त नेमाची खूण उजळतो, समोरचं काहीच उजळत नाही. संध्याकाळी झुडपात हललेलं ते रानडुक्कर आहे की कुणाचं पोर, हे तो सांगणार नाही. ओळख पटेल एवढा उजेड बाहेर नसेल तर बोट घोड्यावर जाता कामा नये, त्रिकोण कितीही लखलखीत दिसो.

स्कोप बनल्याचं साल कळव, मी इथून आकडेमोड करून पाठवतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा