देणगी कोणाची?

ऐन भरात आलेल्या मल्लाने एका परक्या कैद्यासाठी कुस्ती सोडावी काय, असा प्रश्न कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीत विचारला, तर उत्तराआधी हसूच ऐकू येईल. अंगातली ताकद ही इथे एकट्याची मालमत्ता मानली जात नाही. तिच्यात वस्तादांची मेहनत असते, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुरविलेले दूध-बदाम असतात, गावाची इभ्रत असते. कुस्ती सोडणे म्हणजे या साऱ्यांचे देणे बुडविणे.

अमेरिकेच्या माया मूर या बास्केटबॉलपटूने नेमके तेच केले. २०११ ते २०१७ या काळात तिच्या मिनेसोटा लिंक्स संघाने चार वेळा अजिंक्यपद पटकाविले. २०१२ आणि २०१६च्या ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदके मिळविली. २०१९च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ती मैदानापासून दूर झाली. मिसुरी राज्यात जोनाथन आयर्न्स हा कृष्णवर्णीय कैदी १९९७ सालच्या घरफोडी व गोळीबाराच्या आरोपाखाली पन्नास वर्षांची शिक्षा भोगीत होता. गुन्हा घडला तेव्हा त्याचे वय होते सोळा. मायाच्या कुटुंबातली मंडळी तुरुंगसेवेला जात. त्यांच्यामुळे तिची त्याच्याशी २००७ मध्ये भेट झाली होती. त्या घरात सापडलेला बोटांचा एक ठसा त्याचा नव्हता, घरमालकाचाही नव्हता. आणि तसे नोंदविणारा कागद बचाव पक्षाला कधी दाखविलाच गेला नव्हता. २०२०च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली आणि १ जुलै रोजी जोनाथन तुरुंगाबाहेर आला.

पुढे त्याच वर्षी दोघे विवाहबद्ध झाली, आणि लोकांनी या त्यागाचे कोडे प्रेमकथेत सोडवून टाकले. मला हे पटत नाही. न्यायालयाने अर्ज फेटाळला असता, विवाह झालाच नसता, तर तिचा निर्णय चुकीचा ठरला असता काय? ती मैदानाबाहेर पडली तेव्हा निकाल कोणालाच ठाऊक नव्हता. तिच्या निर्णयाची पारख त्या दिवसावरूनच केली पाहिजे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात धन्याने सोपविलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आहे, आणि त्याला लागूनच तुरुंगातल्याची भेट घेतली की नाही हे विचारणाऱ्या राजाचे चित्र आहे. दर तीन वर्षांनी आपण ही दोन वाचने लागोपाठच्या दोन रविवारी ऐकतो. मधल्या आठवड्यात पहिले विसरून जातो, हे वेगळे. दोन्ही एकत्र वाचली तर प्रश्न उभा राहतो: मायाने आपले धन पुरून ठेवले, की दुसऱ्या जागी गुंतविले?

यावर कोणी म्हणेल, दोन्ही साधता आले नसते काय? आमच्याकडे उदाहरण आहेच. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळलेले. १९१२ साली त्यांनी खासबागेचे मैदान उभे केले. जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या जातींवर लादलेली रोजची हजेरी १९१८ मध्ये त्यांनीच बंद केली, फासेपारध्यांना आपल्या पदरी काम दिले. कुस्तीही राहिली, न्यायही झाला. पण महाराजांच्या हाती हुकूम होता. मायाच्या हाती फक्त दिवस होते, आणि खेळाडूच्या आयुष्यात तेच मोजके असतात. २०२३ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा खेळाची ती वर्षे गेली ती गेलीच होती.

एक शंका मात्र मला सोडीत नाही. सुटकेसाठी नामांकित खेळाडू लागावी, तर ज्यांना तशी कोणी भेटत नाही त्यांचे काय? जोनाथनला सोडविले ते एका कागदाने, कीर्तीने नव्हे, हे खरे. पण त्या कागदाकडे जगाचे लक्ष वेधले कीर्तीने. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे आपल्या देशातले सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता असे. त्यांच्या कागदांत काय आहे, हे उघडून पाहायला कोणाकडे दिवस आहेत?

खासबागेत कुस्त्या पाहायला मी कितीदा तरी गेलो आहे. कळंब्याच्या कारागृहावरून त्याहूनही अधिक वेळा गेलो असेन. आत कधी गेलो नाही.