नाझरेथ आणि मालेगाव



संत योहानच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायात नथनेल भेटतो. येशू नाझरेथचा आहे हे ऐकताच त्याने शंका घेतली, त्या गावातून चांगले काय निघणार? फिलिपने वाद घातला नाही. त्याने नथनेलला स्वतः येऊन पाहायला सांगितले. नथनेल गेला, येशूशी बोलला आणि त्याचे मत पालटले.

आपल्या मनातही अशी ‘नाझरेथ’ असतात. मालेगाव म्हटले की आपल्याला बॉम्बस्फोट आठवतात. 8 सप्टेंबर 2006 रोजी तेथे स्फोट झाले तेव्हा शुक्रवार होता, शब-ए-बरातही होती. नमाजाला आलेली माणसे मेली. पुढे त्याच शहरातील तरुण पकडले गेले. बरेच जण सुमारे पाच वर्षे तुरुंगात होते. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. अटकेची बातमी घरोघरी पोहोचली. सुटकेची किती घरांत पोहोचली?

आपल्या धर्मग्रामातील एका मुलीला मालेगावच्या दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली. आई घाबरली. “फादर, टीव्हीवर काय काय दाखवतात. पोरीला कसं पाठवू?” मी म्हणालो, “बाई, ती जिथे खोली घेणार आहे, त्या घरच्या बाईंशी एकदा फोनवर बोला.”

त्या बाईंनी पहिल्यांदा विचारले, पोरीला तिखट चालते का? मग आपले सांगितले. घरात यंत्रमाग आहे. लाईट गेली की माग बंद आणि मजुरीही बंद. त्यांना रोज भीती वाटते ती याची. रोजंदारीवर जगणाऱ्या आपल्या आईला ही भीती नवी नव्हती. मुलगी नोकरीवर रुजू झाली.

एका बोलण्याने अख्खे शहर कळत नाही, आणि बातमी खोटीच असते असेही नाही. पण कॅमेरा घटना घडते तिथे जातो. रोजच्या जगण्याची बातमी होत नाही. ते जगणे माणसाच्या तोंडूनच ऐकावे लागते.

आपला मराठवाडाही टीव्हीवर बहुधा दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या एवढाच दिसतो. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या आपल्या मुलांकडे कोणी तेवढ्याच नजरेने पाहिले, तर आपल्याला लागते. मग इतरांना लागत नसेल का?

आपल्या नाक्यावर परगावची माणसे रोज चहाला थांबतात. या आठवड्यात त्यांपैकी एकाला तरी त्याच्या गावाविषयी विचारा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐका.

नाझरेथमध्ये वाढलेला प्रभू येशू आपल्याला ऐकणारे कान आणि मोकळे मन देवो. आमेन.

तुमचा धर्मगुरू