फळ आणि निर्णय

निर्णयाचा न्याय त्याच्या फळावरून करावा काय? हा जुना प्रश्न मिश्र पोकरच्या अल्प पणाच्या स्पर्धांतही उभा राहतो. ‘हॉर्स’ या प्रकारात पाच खेळ आळीपाळीने येतात. आरंभीच तीन राजे आले, तर ‘सेव्हन-कार्ड स्टड’मध्ये ते ऐश्वर्य, ‘रॅझ’मध्ये लहान पानांचा हात जिंकतो, तेथे तेच राजे निरुपयोगी. म्हणून शिकणाऱ्याने आधी नियम पाहावा, मग पाने. शिवाय या दोन्ही खेळांत इतरांनी टाकलेली उघडी पाने स्मरणात ठेवावी लागतात. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, तेही काही अंशी पडलेल्या पानांचे स्मरण लागते म्हणून.

तरीही सावध खेळाडू हरतो आणि बेसावध जिंकतो. आमच्या मते, निर्णयसमयी जे ठाऊक होते किंवा ठाऊक करून घेता आले असते, तेवढ्यावरूनच दोष ठरवावा. चुकून जिंकलेला डाव ही आपल्यातील न्यायाधीशास मिळालेली लाच होय. अल्प पणाचा खरा लाभ हा, की तेथे ही लाच नाकारणे सोपे असते. जो ती तेथेही स्वीकारतो, तो मोठ्या व्यवहारात ती कशी नाकारणार?